गोळी चालू, म्हणून कॅन्सर बंद

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात ‘के-५६२’ नावाच्या पेशी सांभाळलेल्या आहेत. देशभरातल्या प्रयोगशाळा त्या इथून मागवतात. मूळच्या त्या अमेरिकेतल्या ५३ वर्षांच्या एका बाईच्या. तिला ‘सीएमएल’ हा रक्ताचा कॅन्सर होता. ती बाई केव्हाच गेली, पण पेशी आजही वाढताहेत. त्या थांबत का नाहीत?

आपल्या पेशींत कायनेज नावाची प्रथिनं निरोप्याचं काम करतात. कायनेज दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा कण चिकटवतं, की ते प्रथिन कामाला लागतं. काम झालं की कायनेज गप्प बसतं. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि त्या जोडातून बीसीआर-एबीएल हे कायनेज तयार होतं. ते गप्प बसतच नाही. ‘वाढा, वाढा’ हा निरोप चालूच राहतो आणि पांढऱ्या पेशी बेसुमार होतात.

हा बिघाड जन्मानंतर रक्त बनवणाऱ्या एखाद्या पेशीत होतो. तो आईबापाकडून येत नाही, मुलांकडे जात नाही. तेव्हा बापाला सीएमएल आहे म्हणून मुलीचं स्थळ नाकारणाऱ्यांनी निदान विज्ञानाचं नाव पुढे करू नये.

इमॅटिनिब ही गोळी याच कायनेजच्या खाचेत जाऊन बसते आणि त्याचं काम अडवते. अमेरिकेत तिला २००१ मध्ये परवानगी मिळाली. आपल्याकडे नोव्हार्टिसच्या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय कंपन्यांच्या गोळीचा ८ ते १० हजार. पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं हरकत घेतली आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. स्वस्त गोळी आपल्या हाती राहिली ती अशी.

पण हातातली गोळी पोटात जायला हवी ना! काही महिन्यांत रिपोर्ट सुधारतो आणि घरात सुरू होतं, “अम्मीला आता बरं आहे, गोळी कशाला? कलौंजी देऊ.” गोळी कायनेजला दाबून धरते, बिघडलेली पेशी मुळातून उपटत नाही. मध्येच सोडली तर आजार परततो. बरीच वर्षं रिपोर्ट उत्तम असलेल्या काहींची गोळी डॉक्टर थांबवतात, पण रक्ताची तपासणी चालू ठेवून. कलौंजी देत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

रमजानमध्येही खाडे नकोत. ही गोळी जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासह घ्यायची असते. दिवसातून एकदाच असेल तर डॉक्टरांना विचारून ती इफ्तारनंतरच्या जेवणावर घेता येते. दोनदा असेल, उलट्या होत असतील, अशक्तपणा असेल, तर रोजाचं आधी डॉक्टरांशी बोला. आजाऱ्याला कुरआननंच सवलत दिली आहे. सुटलेल्या रोजांचं पुढे काय करायचं ते मौलाना सांगतील.