रंग उडाला, पुढे काय?

मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ आठवते. दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणारे आजचे पानिपत मात्र चादरी, पायपुसणी आणि ब्लँकेटांचे गाव आहे. जुन्या कपड्यांपासून सूत काढण्यात त्याचा हात धरणारे शहर विरळाच. त्या कामात चिंध्या रंगानुसार निवडल्या जात असल्याने सूत बऱ्याचदा नव्याने रंगवावेही लागत नाही. सुती माल रंगवणाऱ्या डाय हाऊसांची गोष्ट वेगळी. तिथे वापरलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा १० टक्के, कधी कधी निम्माही भाग धाग्याला न धरता सांडपाण्यात जातो. हे पाणी नाल्यांवाटे यमुनेला मिळते आणि यमुना पुढे दिल्लीत शिरते. अशा आणि इतर सांडपाण्याने नदीत अमोनिया वाढला की वझिराबाद, चंद्रावलच्या जलशुद्धीकरण केंद्रांचे काम मंदावते आणि दिल्ली हरियाणाकडे बोट दाखवते. जवळपास दर हिवाळ्यात हाच तमाशा.

जिवाणूंनी रंग खाण्याची कल्पना इथे मोहात पाडते. त्यात तथ्यही आहे. यातले बरेचसे रंग अ‍ॅझो जातीचे; त्यांचा रंग नायट्रोजनच्या दोन अणूंमधल्या दुहेरी बंधावर उभा असतो. जिवाणूंची विकरे तो बंध तोडतात. प्रयोगशाळेत बाटली स्थिर ठेवली, तर गडद पाणी काही तासांत फिके पडते. तीच बाटली हलवत ठेवली, तर पुष्कळदा रंग ढिम्म हलत नाही. हवेतला ऑक्सिजन आड येतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. संजय गोविंदवार यांच्या गटाने अशा जिवाणूंवर वर्षानुवर्षे काम केले. इचलकरंजीसारखे कापडाचे गाव शेजारीच असताना ते तिथे झाले, यात नवल नाही.

पण बंध तुटल्यावर उरतात अ‍ॅरोमॅटिक अमाइन. ती बहुधा रंगहीन असतात आणि त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरतात. याच भीतीपोटी जर्मनीने १९९४ मध्ये आणि भारताने १९९७ मध्ये ठरावीक अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली. म्हणून प्रकल्पात रंग घालवणाऱ्या पहिल्या, हवाबंद टाकीनंतर हवा खेळवणारी दुसरी टाकी लागते. तिथले जिवाणू अमाइनचा फडशा पाडू शकतात. दुसऱ्या टाकीचे ब्लोअर वीज खातात, आणि काटकसरीची कुऱ्हाड पहिली तिथेच पडते.

त्यात डाय हाऊसचे पाणी गरम, अल्कधर्मी आणि मिठाने भरलेले. रंग धाग्यावर बसावा म्हणून घातलेले मीठ कुठलाही जिवाणू खात नाही. उलट तेच त्याला जेरीस आणते. तुरटी-चुन्याच्या प्रक्रियेपेक्षा गाळ कमी निघतो, हा जिवाणूंचा फायदा खराच. तरी पुढच्या खारट पाण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

तेव्हा जिवाणूंच्या प्रकल्पाला पैसा जरूर द्यावा, पण बिल चुकते करण्याआधी पाण्याचा रंग बघून भागणार नाही. दुसऱ्या टाकीतून सुटणाऱ्या पाण्यात अमाइन किती, क्षार किती, याचे अहवाल दर महिन्याला पानिपतकरांना आणि दिल्लीकरांना वाचायला मिळाले पाहिजेत.