निकाल चुकला की न्यायाधीश चुकले?

गेल्या रविवारी झरीच्या विहारात वंदना झाल्यावर एक मावशी जवळ आल्या. बांधाच्या वादाचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला होता. म्हणाल्या, "भाऊ, जज्जाला पैसे पोहोचले. वर एक अर्ज लिहून द्या. माझं नाव मात्र टाकू नका."

मी विचारले, "पैसे कोणी दिले? कधी दिले? कोणी पाहिले?"

मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "नाहीतर निकाल असा कसा लागला?"

बंधू-भगिनींनो, इथेच आपली गल्लत होते. निकाल चुकीचा वाटला तर वाट अपिलाची. न्यायाधीशाने लाच मागितली, पक्षकाराशी गुपचूप संधान बांधले, तर वाट तक्रारीची. एका वाटेचे काम दुसरीवर होत नाही.

न्यायाधीशही माणूसच आहे. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी हेच बजावले होते की, सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी सामान्य माणसाचे दोष व पूर्वग्रह त्यांच्यातही असतात. म्हणून घटनेत वरिष्ठ न्यायाधीशाला काढण्याची तरतूद आहे. पण ती मुद्दाम अवघड आहे, कारण उद्या सरकारला नकोसा झालेला न्यायाधीशही काढला जाईल.

ती किती अवघड, ते १९९३ साली दिसले. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरील आरोपांची चौकशी आपल्या महाराष्ट्राचे न्या. पी. बी. सावंत यांच्या समितीने केली. १४ पैकी ११ आरोप सिद्ध धरले. ११ मे रोजी लोकसभेत १९६ मते बाजूने पडली, विरोधात एकही नाही. पण २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि ठराव पडला.

१९९५ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश ए. एम. भट्टाचार्जी यांच्यावर परदेशी प्रकाशकाकडून पुस्तकासाठी मोठी रक्कम घेतल्याचा आरोप झाला. वकिलांनी राजीनाम्याचा ठराव केला आणि त्यांनी पद सोडले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दबाव आणून राजीनामा मागणे बरोबर नाही, पुरावा सरन्यायाधीशांपुढे ठेवावा. त्यातूनच न्यायाधीशांमार्फत अंतर्गत चौकशीची पद्धत १९९९ साली स्वीकारली गेली.

आपला संबंध येतो तो तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कोर्टाशी. घटनेच्या २३५ व्या कलमानुसार त्यांच्यावर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. तक्रार तिकडेच करायची. ती वाया जातेच असे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चौकशीअंती दोन न्यायाधीशांना बडतर्फ केले. त्यातील एकावर साताऱ्यात जामिनासाठी पाच लाखांची लाच मागितल्याचा आरोप होता.

मी कारकून माणूस. निनावी अर्जाचे काय होते ते रोज पाहतो. शेरा पडतो, 'दप्तरी दाखल'. म्हणून तक्रार नावानिशी, शपथपत्रासह करा. तारीख, वेळ, साक्षीदार लिहा, कागद जोडा, पोच घ्या. चावडीवर बोलून काही होत नाही.

आणि ऐकीव गोष्टीवर कोणाला डाग लावू नका. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीचा डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीत मृत्यू झाला. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठानेच पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. असा आदेश देणारा न्यायाधीश खोट्या तक्रारींच्या धाकात राहिला तर नुकसान गरिबाचेच होईल.

मावशींचा कागद पाहिला. निकालाला बावीस दिवस झाले होते. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवसांची. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वगळतात, पण नक्कलेचा अर्जच केलेला नव्हता. रागारागात ही मुदतही हातची गेली असती. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. सोमवारी सकाळच्या एस.टी.ने त्यांच्या मुलाला परभणीला विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवले.

निनावी अर्ज मी लिहिला नाही. मावशी थोड्या नाराज आहेत. पण अपील वेळेत दाखल झाले आहे.