नारळ फोडण्याआधी गळती बुजवा

मुळा धरण भरल्याची बातमी आली की नगरकर सुटकेचा निःश्वास टाकतो. तो व्यर्थ आहे. धरण काठोकाठ भरलेले असतानाही नगर शहराला पाणी मिळते ते एक दिवसाआड, आणि मुळानगरच्या पंपांची वीज गेली की ठरलेला दिवसही हुकतो. ही टंचाई पावसाने आणलेली नाही. ती कारभाराची आहे, आणि हे मी स्पष्टच लिहितो.

हिशेब साधा आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेतीन लाख होती. माणशी रोज 135 लिटर हा सरकारी निकष लावला तर वर्षाला सुमारे 0.6 टीएमसी पाणी पुरते. आज लोकसंख्या दुप्पट झाली असे धरले, तरी गरज सव्वा टीएमसीच्या आतच राहते. धरणाची क्षमता 26 टीएमसी आहे. शेतकऱ्याच्या आवर्तनावर माझा डोळा नाही. पण हे आकडे पाहिल्यावर ‘पाणीच कमी’ ही सबब मी ऐकून घेणार नाही.

मग घोडे अडते कुठे? शहर धरणापेक्षा उंचावर आहे. निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, शेंडीकडचे पाणी खापरी नळांतून उताराने यायचे. आज प्रत्येक लिटर पंपाने उचलून विळदमार्गे वसंत टेकडीवरच्या टाकीत चढवावा लागतो. म्हणजे थेंबाथेंबाला विजेचे बिल आहे. आणि इतक्या महागाच्या पाण्याचे आम्ही काय करतो? पाणी सुटण्याच्या वेळी जुन्या नगरातल्या एखाद्या गल्लीत उभे राहा. व्हॉल्व्हमन लोखंडी चावी फिरवतो, त्याच क्षणी चेंबर भरून वाहू लागतो. पाणी गटारीला लागते. घराघरात लाइनला जोडलेल्या मोटारी घरघरतात आणि गल्लीच्या टोकाच्या बाईची घागर अर्धीच राहते. पाणी गेल्यावर रिकाम्या झालेल्या त्याच फुटक्या नळीत गटारीचे पाणी शिरते. गॅस्ट्रोची साथ येते ती या वाटेने.

योजना कमी झाल्या नाहीत. केंद्राच्या 2005 च्या योजनेतून शहर पाणीयोजनेची ‘फेज टू’ आली, 2015 नंतर ‘अमृत’ आली. फेज टू तर इतकी रखडली की तिच्या बाबतीत मुदत हा शब्दच निरर्थक झाला. पण रखडण्याहून मोठा दोष प्राधान्यक्रमाचा आहे. अनुदान नव्या जलवाहिनीला आणि टाकीला मिळते. तिथे निविदा असते, नारळ असतो, फलक असतो. व्हॉल्व्ह बदलणे, गळती शोधणे, वीजबिल भरणे यांचा खर्च पाणीपट्टीतून निघायला हवा. ती आकारली जाते नळाच्या इंचावर, वापरावर नाही. वर थकबाकीदारांसाठी शास्तीमाफी जाहीर होते. हे वेळेवर भरणाऱ्याच्या तोंडाला पाने पुसणे आहे, आणि ते सर्वपक्षीय संमतीने चालते.

माझी मागणी क्रमाने सांगतो. सर्वांत आधी मुळानगर आणि विळदच्या उपशाला अखंड वीज. मग विळद, वसंत टेकडी आणि प्रत्येक टाकीवर प्रवाहमापक. किती पाणी आले आणि किती गेले, याचा आकडा दर महिन्याला जाहीर झालाच पाहिजे. जुन्या वाहिन्या बदलायच्या त्या गळती आणि दूषित पाण्याच्या क्रमाने, नगरसेवकाच्या वजनाप्रमाणे नाही. नळांना मीटर, पण गरजेपुरत्या पाण्याला अगदी कमी दर, म्हणजे गरिबाच्या घरावर बोजा पडणार नाही. आणि पाणीपट्टीचे खाते वेगळे; त्यातला रुपया दुसरीकडे वळवता येऊ नये.

पाणीपट्टी वाढवायला माझा विरोध नाही. फुकट पाण्याचे आश्वासन देणारा शहराचा शत्रू आहे. पण गळतीचा आकडा दाखवल्याशिवाय वाढीव बिल पाठवणे ही लूट आहे. त्यामुळे पुढच्या योजनेचा प्रस्ताव सभागृहात येईल तेव्हा नगरकरांनी एकच प्रश्न लावून धरावा: आज वसंत टेकडीवरून निघालेल्या पाण्यापैकी घरात किती पोहोचले? ज्याच्याकडे याचे उत्तर नाही, त्याला नव्या पाइपसाठी कोटी मागण्याचा अधिकार नाही.