मजुरी आणि मालकी

नळ दुरुस्त करून देणारा कारागीर त्या घरात पुढे भरल्या जाणाऱ्या प्रत्येक घागरीवर आपला हक्क सांगत नाही. केल्या कामाचे दाम घेऊन तो निघून जातो. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात ही साधी व्यवहारनीती जन्मभर पाळणारा एक मनुष्य अमेरिकेत होऊन गेला. स्टीव्ह अल्बिनी हे त्याचे नाव. ७ मे २०२४ रोजी वयाच्या ६१व्या वर्षी शिकागो येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्याचे रॉक संगीत सर्वांच्याच कानांना मानवेल असे नाही; तथापि त्याचा व्यवहार प्रत्येक कलावंताने आणि कलेच्या व्यापाऱ्याने अभ्यासावा असा होता.

पत्रकारितेचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने १९८१ मध्ये 'बिग ब्लॅक' व पुढे १९९२ मध्ये 'शेलॅक' हा बँड उभारला. गाणी स्वतः रचावीत, छोट्या स्वतंत्र कंपनीमार्फत काढावीत आणि कोणाचे मिंधे होऊ नये, हा त्याचा बाणा. तारुण्यात केवळ धक्का देण्यासाठी त्याने पुष्कळ अभद्र लिहिले व बोलले. २०२१ मध्ये त्याची जबाबदारी त्याने जाहीरपणे पत्करली. ध्वनिमुद्रक म्हणून मात्र त्याची नीती आरंभापासून निर्मळ होती. 'निर्माता' ही पदवी त्याला नको असे. आपण केवळ मुद्रण करणारे, संगीत वाजवणाऱ्यांचे, अशी त्याची धारणा होती.

१९९३ मध्ये या धारणेची कसोटी लागली. 'निर्वाणा' हा तेव्हाचा जगप्रसिद्ध बँड 'इन युटेरो' या ध्वनिमुद्रिकेसाठी त्याच्याकडे आला. प्रत्येक प्रतीमागे निर्मात्याने स्वामित्वधनाचा वाटा घ्यावा, हा त्या धंद्यातील रिवाज. तीस लाख प्रती खपल्या तर आपल्या पदरात सुमारे चार लाख डॉलर पडतील, हा हिशेब त्याने स्वतःच बँडला पत्राने कळवला आणि त्याच पत्रात तो वाटा नाकारला. नळ-कारागिराप्रमाणे कामाचे पैसे द्या, एवढीच त्याची मागणी होती. एक लाख डॉलर एकरकमी घेऊन तो मोकळा झाला.

त्याच वर्षी 'द बॅफलर' या नियतकालिकात त्याने या धंद्याची खतावणीच वाचकांपुढे मांडली. त्याच्या काल्पनिक परंतु बारकाईने केलेल्या हिशेबात अडीच लाख प्रती खपलेल्या ध्वनिमुद्रिकेवर कंपनीला सात लाख दहा हजार डॉलर मिळतात, निर्मात्याला नव्वद हजार. आणि ज्यांच्या घामातून गाणे जन्मले त्या प्रत्येक वादकाच्या हाती चार हजारांच्या आसपास. शिवाय स्वामित्वधनाच्या खात्यावर बँडच देणेकरी! उचल म्हणून दिलेले पैसे अखेर बँडच्याच वाट्यातून वसूल होतात, हे त्यातील मर्म.

प्रत्येकाने अल्बिनीप्रमाणेच वागावे, असा आमचा आग्रह नाही. चालीत वा रचनेत ज्याची खरी भर पडते, त्याने वाटा मागणे न्याय्यच होय. गोमंतकीय वाचकांस हे वेगळे सांगावयास नको. सेबास्तियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या आपल्या भूमिपुत्रांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाचा साज चढविला. गाणी घराघरांत पोहोचली, पण साज चढविणाऱ्यांची नावे बहुधा पडद्याआडच राहिली. अल्बिनीने आपला नव्हे असे वाटून वाटा सोडला. या मंडळींना मात्र तो मागण्याची सोयच नव्हती. पहिला त्याग होय, दुसरी वंचना. दोहोंची गल्लत करून कलावंताला निःस्वार्थाचे धडे देणारे व्यापारी कोणत्याच देशात कमी नाहीत.

२०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यानेही गीतकार व संगीतकारांना स्वामित्वधनात न्याय्य वाटा मान्य केला. परंतु कायदा कागदावर असतो आणि करार दुबळ्याच्या सहीने होतो. काम सुरू होण्यापूर्वीच मजुरी कोणती व मालकी कोणाची, हे स्पष्ट शब्दांत लिहून काढण्याचे धैर्य दोन्ही पक्षांनी दाखविले पाहिजे. अल्बिनीने ते धैर्य चार लाख डॉलरांवर पाणी सोडून दाखविले. आपल्याकडे निदान शाई खर्च करण्याचे औदार्य तरी दिसावे.