दुसरी पदवी कोणासाठी?

बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून कामासाठी निघालेल्या माणसांना पुण्या-मुंबईच्या अलीकडेच एक ठिकाण मिळाले. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर या वस्त्या त्यातून गजबजल्या. त्या पिढीने तीन-तीन पाळ्या केल्या, जादा काम केले, पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवले. आता तेथील काही घरांतील मुलेमुली डॉक्टर होत आहेत. ज्या घरात कधी दहावीचे अप्रूप होते, त्या घरात आज एक नवाच प्रश्न चर्चिला जातो : एमबीबीएसच्या जोडीला आणखी कोणती पदवी घ्यावी?

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा दिली आणि या चर्चेला आणखी उधाण आले. तथापि त्या मुभेतून पीएच.डी. वगळलेली आहे, आणि वैद्यकासारख्या शाखांना आपापल्या नियामक परिषदेचे नियम लागू राहतातच. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, वर्षाची आंतरवासिता आणि रुग्णालयातील पूर्णवेळ उपस्थिती पाहता, वैद्यकीय विद्यार्थ्याची दुसरी पदवी ही बहुधा पहिलीनंतरच येणार, हे उघड आहे. म्हणूनच ती कोणती असावी, याबरोबरच ती केव्हा आणि कोणासाठी घ्यावी, याचाही विचार करणे अगत्याचे ठरते.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. एमडी किंवा एमएस ही त्याच वृक्षाची पुढची फांदी होय. दुसरी पदवी म्हणजे दुसरा वृक्ष : सार्वजनिक आरोग्य, कायदा, व्यवस्थापन, अभियांत्रिकी किंवा मूलभूत संशोधन. वैद्याला अशा दुसऱ्या शास्त्राची गरज आहे, हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना घेतलेला नाही. केवळ एकच शास्त्र शिकणाऱ्याला त्या शास्त्राचाही निश्चित बोध होत नाही, चिकित्सकाने बहुश्रुत असले पाहिजे, असे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात स्पष्टपणे सांगितले आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे रुग्णसेवा करता करता संस्कृत आणि पुराभिलेखांचे व्यासंगी झाले. आपल्याच अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांवर त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात शोधनिबंध लिहिले. त्यासाठी त्यांनी दुसरी पदवी घेतली नव्हती. जिज्ञासा मात्र पहिल्या प्रतीची होती.

जिज्ञासा आधी, पदवी नंतर

आजच्या काळात जिज्ञासेला शिस्तीची जोड लागते आणि ती शिस्त पुष्कळदा पदवीच्या शिक्षणातून येते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. दोघेही नागपूर विद्यापीठाचे एमडी. वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत काम करताना रुग्ण तपासणे आणि रोगाचे मूळ शोधणे यांतील अंतर त्यांना जाणवले. त्यानंतर ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि १९८४ साली सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन परतले. १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ची स्थापना झाली. नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण गावातील स्त्रियांना देऊन त्यांनी ३९ गावांत प्रयोग केला आणि तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांशी त्याचा ताळा पाहिला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ साली हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. पहिल्या पदवीने त्यांना बाळ वाचवायला शिकवले. दुसरीने ‘किती बाळे वाचली आणि कशामुळे’ हे सिद्ध करायला शिकवले. त्या पुराव्याविना गडचिरोलीचा प्रयोग गडचिरोलीतच राहिला असता.

मेळघाटातील बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे यांचा मार्गही असाच. एमबीबीएस होऊन ते दुर्गम भागात गेले, तेथे आपले ज्ञान अपुरे पडते हे अनुभवले, म्हणून ते परत येऊन रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात एमडी झाले आणि पुन्हा बैरागडलाच गेले. २०१९ साली त्यांना व डॉ. स्मिता कोल्हे यांना पद्मश्री मिळाली. त्यांची एमडी ही त्याच वृक्षाची फांदी. परंतु क्रम तोच : आधी काम, कामातून प्रश्न आणि प्रश्नातून शिक्षण.

याउलट पदव्यांचा विषय निघाला की घरोघरी नाव निघते ते डॉ. श्रीकांत जिचकार यांचे. एमडी, एलएलएम, व्यवस्थापन, पत्रकारिता, संस्कृतमधील डी.लिट. अशी त्यांची संपदा अचंबित करणारी होती. रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाचे ते पहिले कुलगुरू. राजकीय मतभेद बाजूला ठेवून त्यांच्या प्रज्ञेला वंदन केले पाहिजे. मात्र असा पुरुष पिढीत एखादाच होतो. अपवादाला नियम मानून आपल्या मुलाच्या पाठीवर पदव्यांचे ओझे लादणे, हा त्या मुलावर आणि जिचकारांवरही अन्याय होय.

वाळूजच्या दारातला प्रश्न

मग वाळूजच्या घरातून आलेल्या डॉक्टरने दुसरा वृक्ष कोणता निवडावा? उत्तर शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही. त्याचे वडील ज्या शॉपवर उभे राहिले, तेथेच ते आहे. फाउंड्रीतील वाळूची धूळ, पॉवर प्रेसचा कानठळ्या बसवणारा आवाज, रंगकामातील द्रावकांची वाफ, रात्रपाळीने मोडलेली झोप : हे सारे शरीरावर आपला हिशेब लिहीत असते. सिलिकोसिस आणि क्षयरोग दोन्हींत खोकला येतो, धाप लागते, वजन घटते. ‘काम काय करता?’ हा एक प्रश्न डॉक्टरने विचारला नाही, तर धुळीने फुप्फुसे निकामी झालेला कामगार क्षयाची औषधे घेत राहतो आणि पुन्हा त्याच धुळीत जाऊन उभा राहतो. इटलीच्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारण्याचा आग्रह १७०० सालीच धरला होता. तीनशे वर्षांनंतरही आपल्याकडील गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो प्रश्न अनेकदा राहूनच जातो.

यात कायद्याचीही बाजू आहे. सिलिकोसिससारख्या व्यावसायिक रोगांना भरपाईचा हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. परंतु कंत्राटी कामगार दोन-चार वर्षांनी ठेकेदार बदलतो, रोग पुष्कळदा उशिरा प्रकटतो आणि रोग कोठे जडला हे सिद्ध करायला कागद नसतो. कामगारांच्या वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. पण तपासणी म्हणजे वजन-रक्तदाबाची नोंद करून मारलेला शिक्का नव्हे, हे सांगणारा डॉक्टर हवा. वैद्यक आणि कायदा दोन्ही जाणणारा एक मनुष्य अशा ठिकाणी दहा मोर्चांचे काम करू शकतो. पदवीधराला विधिशाखेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि एमबीबीएसवाल्यालाही त्याचे दार खुले आहे.

इतर दारेही आहेत. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९७ पासून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी मिळते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासन शिकता येते. खरगपूरच्या आयआयटीत एमबीबीएस झालेल्यांसाठी वैद्यकशास्त्र आणि तंत्रज्ञान यांचा जोड अभ्यासक्रम आहे. आणि मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत ‘असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ’ हा केवळ तीन महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो. ती पदवीही नव्हे, साधे प्रमाणपत्र होय. लग्नपत्रिकेत ते शोभून दिसणार नाही. पण कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ते मोठ्या पदवीइतकेच उपयोगी पडते.

खर्चाचा आणि वयाचा हिशेब

यावर एक रास्त आक्षेप येईल. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी चोविशीपर्यंत एमबीबीएस होतो. त्यात शासकीय महाविद्यालयाच्या बंधपत्राचे एक वर्ष, एमडीची तीन वर्षे, त्यावर दुसरी पदवी. तिशी उलटते. घरावर कर्ज असते, धाकटी भावंडे असतात, वडिलांच्या निवृत्तीचे दिवस जवळ येतात. अशा घराला ‘समाजासाठी आणखी शिका’ असे बाहेरून सांगणे सोपे आहे. अमेरिकेचा दाखलाही येथे जपून द्यावा. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६४ साली एमडी-पीएच.डी. असे जोडशिक्षण सुरू केले आणि त्यातील विद्यार्थ्यांना शुल्क व निर्वाहवेतन दिले. आपल्या घरांत तो भार बापाच्या भविष्यनिर्वाह निधीवर पडतो.

म्हणूनच दुसरी पदवी घाईने, पदव्युत्तर प्रवेश हुकल्याचे दुःख झाकण्यासाठी किंवा शेजारच्या मुलाने घेतली म्हणून घेऊ नये. दोन-तीन वर्षे काम करावे. जो प्रश्न रोज समोर येतो आणि पहिल्या पदवीने सुटत नाही, तो वहीत लिहून ठेवावा. तोच प्रश्न पुढच्या शिक्षणाची दिशा सांगेल. कोणाला तो कायद्याकडे नेईल, कोणाला रोगपरिस्थितीविज्ञानाकडे, तर कोणाला यंत्रांकडे. एखाद्याला असेही उमगेल की, दुसऱ्या पदवीची गरजच नाही, पहिलीच नीट वापरायची राहिली आहे. तोही निर्णय तितकाच प्रतिष्ठेचा मानला पाहिजे.

छत्रपती संभाजीनगरात डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ साली उभे राहिले. शहरातील वस्त्यांपर्यंत आरोग्यसेवा नेण्याचे काम तेथील डॉक्टरांनी केले, ते पाटीवरच्या अक्षरांच्या बळावर नव्हे, तर रुग्णाच्या घरापर्यंत चालत जाण्याच्या तयारीवर. वाळूजच्या मुलांना ते घर शोधावेही लागणार नाही. ते त्यांचे स्वतःचेच आहे. ज्या धुळीतून त्यांची पहिली पदवी उगवली, त्या धुळीचा अभ्यास करण्यासाठी त्यांच्यापैकी दहांनी जरी दुसरी पदवी घेतली, तरी वडिलांच्या पाळ्यांचे ऋण फिटायला आरंभ होईल.