दोष यंत्राचा की खोलीचा?

उत्तम म्हणून घेतलेले स्पीकर घरी आल्यावर निराशा करतात, ही तक्रार पुष्कळ कुटुंबांत ऐकू येते. डग्गा नुसता घुमतो, गायकाचे शब्द एकमेकांत मिसळतात. मग अधिक किमतीचे यंत्र घेण्याचा विचार सुरू होतो. तो खर्च करण्यापूर्वी वाचकांनी आपली खोली पारखून पाहावी.

आपल्या कानी पडणारा ध्वनी केवळ स्पीकरमधून आलेला नसतो. भिंती, फरशी, छत आणि काचा यांवरून परतलेला ध्वनीही त्यात मिसळतो. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. १८९५ साली तो दोष शोधण्याचे काम वॉलेस सॅबिन यांच्याकडे आले. त्यांनी दुसऱ्या सभागृहातील आसनांच्या गाद्या आणून तेथे मांडल्या. जसजशा गाद्या वाढल्या, तसतसा घुमारा ओसरला. आपल्या संगमरवरी फरशीच्या दिवाणखान्यालाही हाच नियम लागू आहे.

खर्जाचे गणित निराळे आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत ४ मीटर अंतर असेल, तर सुमारे ४३ हर्ट्झचा सूर भिंतीलगत फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकर कितीही भारी असला तरी हे टळत नाही.

येथे ‘रूम करेक्शन’ उपयोगी पडते. ऑडिसी, डिराक यांसारख्या प्रणाली अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असतात. बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर मायक्रोफोन ठेवावा. स्पीकर चाचणीचे सूर वाजवतात. खोलीने कोणता सूर फुगवला हे यंत्र मोजते आणि तेवढा तो उतरवते. मोजताना पंखा बंद असावा, घरात शांतता असावी आणि एकाच जागी न थांबता बैठकीच्या चार-सहा जागी माप घ्यावे.

मात्र यंत्राच्या मर्यादा ओळखाव्यात. खोलीने गिळलेला सूर १० डेसिबलने उचलायचा तर दहापट विद्युतशक्ती लागते. अ‍ॅम्प्लिफायरवर ताण येतो आणि उणीव बहुधा तशीच राहते. खोलीतला घुमाराही यंत्राने ओसरत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावेत. बैठक मागच्या भिंतीला टेकलेली वा नेमकी मध्यावर नसावी. मग जाड गालिचा, पडदे आणि पुस्तकांचे कपाट यांची सोय पाहावी. शेवटी मापन करावे. त्यानंतर ओळखीचे एखादे गीत दुरुस्तीसह आणि दुरुस्तीविना लावून घरातील वडीलधाऱ्यांना ऐकवावे. आवाज न वाढवता त्यांना प्रत्येक शब्द स्पष्ट कळला, तर नव्या स्पीकरची गरज नव्हती असे समजावे.