वऱ्हाडची गाडी, कोकणचा किनारा

बुलढाणा जिल्ह्यात वसंत येतो, पण मुक्काम करीत नाही. बोथ्याच्या जंगलात पळस फुलतो, होळी पेटते आणि पंधरा-वीस दिवसांत पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन भेगाळू लागते. शिक्षक उत्तरपत्रिकांत, कारकून मार्चअखेरच्या हिशेबांत आणि विद्यार्थी परीक्षेत गुंतलेले असतात. मे महिन्यात सवड मिळते तेव्हा ऋतू निघून गेलेला असतो, आणि मग प्रवास होतो तो लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर. या जिल्ह्यातील असंख्य माणसांनी समुद्र अद्याप पाहिलेला नाही यामागे दारिद्र्य हे मोठे कारण आहेच, परंतु ते एकमेव कारण नव्हे.

वस्तुतः या जिल्ह्याचा लोहमार्ग समुद्रासाठीच जन्माला आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोल आले. युद्ध १८६५ मध्ये संपले, पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ पुढे सरकत राहिले आणि १८६७ मध्ये नागपुरास पोहोचले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७० मध्ये, खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत जलंब-खामगाव हा छोटा फाटा सुरू झाला. एवढ्या लहान फाट्यासाठी एवढा मोठा माणूस आला तो खामगावच्या प्रेमापोटी नव्हे. खामगावच्या बाजारातील गाठी विनाविलंब मुंबईच्या बंदरात जाव्यात, ही साम्राज्याची निकड होती. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके त्याच वाटेवरची. कापूस समुद्रावर गेला, बोटीत चढला, विलायतेस पोहोचला; तो पिकविणारा शेतकरी मात्र फलाटावरूनच बैलगाडी वळवून घरी आला. पुढे याच मार्गाने शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनासाठी मुंबईची आणि कोकणची माणसे येऊ लागली. तीही गाडी भरून येते ती तिकडून. दीडशे वर्षांत इकडची माणसे किनारा पाहण्यासाठी तिकडे गेली असतील, तर ती तुरळकच.

आणि तरीही समुद्राशी या भूमीचे नाते जुने आहे. बुलढाण्याच्या पठारावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. उत्तरेकडे उतरणारी नळगंगा आणि ज्ञानगंगा पूर्णेला मिळतात आणि ते पाणी तापीतून अरबी समुद्रास जाते. याच डोंगरांत उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेची वाट धरते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा फेरा घेऊन बंगालच्या उपसागरास मिळते. शाळेच्या भूगोलात हे एका ओळीत उरकले जाते. खाऱ्या पाण्याची ओळख तर येथे हवी त्याहून अधिक आहे. लोणारचे खारे सरोवर जगप्रसिद्ध आहे. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा त्याच्या वार्ता देशभर गेल्या. त्याहून जवळचा आणि जाचक आहे तो खारपाणपट्टा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागांतील कित्येक गावांत विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि मूत्रपिंडाच्या विकारांनी तेथे घरेच्या घरे खचली आहेत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शेजारच्या अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे लोकांनी विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ केले. त्याच वर्षी कोकणात शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रही लाठ्या खात होते. समुद्रकाठचा आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेला, असे दोन मुलूख एकाच मिठासाठी उभे राहिले. दहिहांड्याच्या परिसरातील विद्यार्थ्याने शिरोड्याला जाऊन उभे राहावे, यापरता इतिहासाचा दुसरा चांगला पाठ कोणता असू शकेल?

कोकण रेल्वेमुळे ही गोष्ट आवाक्यात आली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णत्वाने खुला झाला. त्यामागे नाथ पै आणि मधु दंडवते यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी वर्षानुवर्षे संसदेत लावून धरलेली मागणी होती, जॉर्ज फर्नांडिस यांची धडाडी होती आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांची जिद्द होती. (दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली तीही दंडवते रेल्वेमंत्री असताना, लांबच्या प्रवासात कारकुनाच्या पाठीने त्यांचे ऋण मानावयास हवे.) रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आणि पानवलचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल पाहिल्यावर सह्याद्रीने किती प्रतिकार केला असेल, याची कल्पना येते.

मात्र एक भ्रम आधीच दूर झालेला बरा. कोकण रेल्वे समुद्राच्या काठाने जात नाही. किनारा खाड्यांनी चिरलेला असल्यामुळे मार्ग आत, डोंगराच्या अंगाने नेणे भाग होते. महाराष्ट्राच्या हद्दीत खिडकीतून दिसतात त्या खाड्या, नद्यांचे रुंद होत गेलेले पात्र, जांभ्या दगडाचे कडे आणि माडांचे शेंडे. समुद्र गाठावयाचा तर उतरावे लागते. गुहागरसाठी चिपळूण, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी, देवगडसाठी कणकवली, मालवण आणि वेंगुर्ल्यासाठी कुडाळ ही स्थानके. आणि तेथून पुढे एस. टी. चा दीड-दोन तासांचा वळणावळणांचा रस्ता. ही गैरसोय खरी. पण किनाऱ्यावरील गावे अजून बऱ्याच अंशी गावे राहिली आहेत, ती कदाचित या गैरसोयीमुळेच. ज्याला केवळ वाळूत छायाचित्रे काढून परतावयाचे आहे, त्याने हा खटाटोप करू नये हे उत्तम.

जावे ते फाल्गुनापासून चैत्राच्या अखेरीपर्यंत. वऱ्हाडात होळी दोन दिवसांत आटोपते. कोकणात शिमगा गावोगावी निरनिराळ्या तिथींनी चालतो, ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर नाचविली जाते आणि देव स्वतः घरोघरी भेटीस जातो. मुंबईचा चाकरमानी रजा टाकून येतो तो यासाठी. काजूची बोंडे पिकू लागलेली असतात, आंब्याची काढणी सुरू झालेली असते, वाळूवर मासळी वाळत पडलेली असते. ज्या हापूसची पेटी खामगावच्या फळबाजारात दुरून न्याहाळावी लागते, तो झाडावरून काढताना किती हात लागतात, मोहोर गळाला तर बागाईतदाराची झोप कशी उडते, हे तेथे कळते. कापसावरील बोंडअळीने झोप उडालेल्या घरातील मुलाला ते समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेस पडेल. जेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथेही चैत्र-वैशाखात काही वाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी रांगेत असतात. बुलढाण्यात सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि टँकर येतो. कोकणात त्याच्या चौपट पडतो आणि तरीही टँकर येतो. जांभा पाणी धरीत नाही, उतार ते थांबू देत नाही, आणि अडविण्याची व्यवस्था माणसांनी पुरेशी केलेली नाही. आपल्या दैन्याला केवळ आभाळ जबाबदार आहे, ही वऱ्हाडातील जुनी समजूत घेऊन निघालेला प्रवासी परतताना ती तितकीशी घट्ट धरून राहणार नाही.

आता प्रश्न जाण्याच्या सोयीचा. अलीकडच्या वर्षांत नागपूर-मडगाव अशी विशेष गाडी शेगाव आणि मलकापूरमार्गे सोडण्यात आली. एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराचसा भाग असा तिचा प्रवास. म्हणजे कोकण दिवसाच्या उजेडात दिसते, ही त्यातली जमेची बाजू. परंतु विशेष गाडीचे भाडे बहुधा नेहमीच्या गाडीहून जास्त असते, आणि तिची मुदत वाढते की संपते याची टांगणी प्रवाशाच्या गळ्याशी असते. पुढच्या वर्षी गाडी असेल की नाही हे ठाऊक नसताना कोणता मुख्याध्यापक सहलीचा बेत आखील? ही गाडी नियमित वेळापत्रकात आणणे आणि तिला साधे भाडे लावणे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेडराजा या तालुक्यांना तर अद्याप रूळच नाहीत. खामगाव-जालना मार्गाचे भिजत घोंगडे कित्येक दशके पडून आहे. दंडवते यांनी कोकणच्या रुळांसाठी जो पाठपुरावा केला, त्याच्या निम्मा जरी या मार्गाच्या वाट्यास आला असता, तर आज चिखलीच्या प्रवाशाला आधी दोन तास बसमध्ये घालवून मलकापूर गाठावे लागले नसते.

शाळांच्या सहलींचाही विचार व्हावयास हवा. त्या निघतात डिसेंबर-जानेवारीत, रात्रभर बसमधून, आणि तीन दिवसांत पाच स्थळे उरकून येतात. मुले झोपेत जातात आणि झोपेत परततात. याउलट दहावी-बारावीची परीक्षा आटोपलेली मुले मार्चच्या अखेरीपासून निकाल लागेपर्यंत रिकामी असतात. ऐन वसंत त्यांच्या हाती असतो. त्यांतील वीस-पंचवीस जणांना एखाद्या शिक्षकाने रेल्वेने कुडाळपर्यंत न्यावे आणि वेंगुर्ला-शिरोड्याच्या बाजूच्या एकाच गावात चार दिवस ठेवावे. मिठागर पाहावे, होड्या परततात त्या वेळी किनाऱ्यावर हजर असावे, मासळीचा लिलाव ऐकावा. तेथील शाळेने राहण्याची सोय केली आणि पुढच्या वर्षी तिकडची मुले लोणार व सिंदखेडराजा पाहावयास आली, तर खर्चही फारसा जड जाणार नाही. यासाठी शासनाच्या नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा परिषदेचा एक ठराव आणि दोन मुख्याध्यापकांमधील पत्रव्यवहार एवढ्यावर ते होण्याजोगे आहे. गाडीच्या आरक्षणासाठी मात्र धावपळ आधीच करावी लागेल, कारण शिमग्याच्या दिवसांत कोकणच्या गाड्यांत पाय ठेवावयास जागा नसते आणि चाकरमान्यांची आरक्षणे खिडकी उघडताच संपलेली असतात.